एअरलेस मशीनने वॉटर बेस रंग मारताना: दाब, टिप आणि हात यांचा मेळ

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या एखाद्या रिकाम्या फ्लॅटमध्ये रंग फवारणारे एअरलेस मशीन पहिल्यांदाच हातात घेणारा माणूस बहुतेक वेळा एकच चूक करतो. फवाऱ्याचा पट्टा भिंतीवर नीट उमटत नाही असे दिसले की तो दाबाचे बटण पुढे फिरवतो आणि तेवढ्याने भागले नाही तर आणखी पुढे फिरवतो. त्यामुळे खोलीभर रंगाचे धुके पसरते, भिंतीवर ओघळ येतात, गनच्या तोंडाशी बसणारी छिद्राची टिप लवकर झिजते आणि मशीन चालवणाऱ्याला असलेला धोकाही वाढतो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या रंगकामांवर देखरेख करताना मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे, की इमल्शनसारखा पाण्यात मिसळणारा, म्हणजे वॉटर बेस रंग या मशीनने फार सुरेख बसतो, पण तो लागेल तेवढ्याच दाबावर मारला तर. त्या दाबापर्यंत कसे पोहोचावे आणि तो गाठल्यावर हात कसा चालवावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

मशीन नेमके काय करते

नावाप्रमाणेच या मशीनमध्ये रंगात हवा मिसळली जात नाही. कॉम्प्रेसरच्या गनमध्ये हवेचा झोत रंगाला फोडतो, म्हणून तिथे रंग बराच पातळ करावा लागतो. एअरलेसमध्ये पंप रंगालाच दाबतो आणि तो दाबलेला रंग अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान छिद्रातून इतक्या वेगाने बाहेर पडतो, की बाहेरच्या स्थिर हवेवर आपटून त्याचे बारीक थेंब होतात. घरातल्या इमल्शनसाठी लागणारा दाब साधारणपणे १५०० ते २५०० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पाउंड) दरम्यान, म्हणजे सुमारे १०० ते १७० बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते, हे लक्षात घेतले म्हणजे आपण हातात काय धरले आहे याची कल्पना येते.

म्हणूनच सुरक्षिततेचा भाग शेवटी न ठेवता इथेच सांगतो. टिपमधून निघणारी रंगाची धार जवळून त्वचेवर पडली तर ती त्वचा भेदून आत शिरते आणि बोटाच्या आत, स्नायूबंधांच्या कडेकडेने रंग पसरतो. बाहेरून मात्र सुई टोचल्यासारखे किंवा किंचित कापल्यासारखे एक लहानसे छिद्र दिसते, सुरुवातीला दुखतेही कमी, आणि त्यामुळेच माणूस पट्टी बांधून पुन्हा कामाला लागतो. असे अजिबात करू नये. ही शस्त्रक्रियेची तातडीची बाब आहे आणि उशीर झाला तर बोट गमवावे लागू शकते. अशा वेळी लगेच मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, ‘कापले आहे’ असे न सांगता ‘जास्त दाबाने रंग आत गेला आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि रंगाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. रंग पाण्यातला आहे म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे.

मानपाड्याच्या एका कामावर माझ्याबरोबरचा एक जण टिपवर चिकटलेला कण पुसायला अंगठा पुढे नेत होता. मशीन बंद होते, म्हणून त्याला वाटले की आता काही होणार नाही. मी त्याचा हात धरला, गन रिकाम्या बादलीत धरून चाप ओढला, आणि बंद मशीनच्या पाइपात साठलेल्या दाबाने रंगाची धार बादलीच्या तळावर सणसणत गेली. मशीन बंद झाले म्हणजे दाब गेला, असे होत नाही, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक नव्या माणसाला प्रत्यक्ष दाखवूनच कामाला घेतो. दाब सोडण्याची पद्धत अशी आहे: मशीन बंद करावे, दाबाचे बटण अगदी कमीवर आणावे, गन बादलीच्या आत टेकवून चाप ओढावा, मग मशीनवरची प्राइमची चावी (रंग गनऐवजी परतीच्या पाइपाकडे वळवणारी) उघडावी आणि चापाचे लॉक लावावे. टिप बदलण्यापूर्वी, ती साफ करण्यापूर्वी, जेवायला जाण्यापूर्वी आणि गन दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी हे प्रत्येक वेळी करावे. टिपभोवतीचे संरक्षक कडे काढून काम करू नये. चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि एन-९५ दर्जाचा मास्क लागतोच, कारण वॉटर बेस रंगाला वास कमी असला तरी त्याचे तुषार फुप्फुसात जायचे थांबत नाहीत.

भिंत आणि हवामान

मशीन भिंतीचे दोष झाकत नाही, उलट ते उघडे पाडते. ब्रश आणि रोलर रंगाला भिंतीत घासून बसवतात, तर मशीन तो वरून अलगद टाकते. म्हणून पुट्टीची भुकटी भिंतीवर राहिली असेल, तर रंग भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो आणि काही महिन्यांत पोपडे सुटतात. पुट्टीवर घासायचा पेपर मारून झाल्यावर भिंत कोरड्या झाडूने झाडावी आणि त्यानंतर ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी. हात फिरवून तळव्याला पांढरे लागले, तर पुन्हा पुसावे. नवे प्लास्टर किमान २८ दिवस पाणी मारून आणि वाळू देऊन पक्के झालेले असावे.

आपल्याकडे खरा शत्रू ओल आहे. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ अशा खाडीकाठच्या भागांत, आणि ठाण्यातही डोंगराकडे तोंड करून उभ्या असलेल्या इमारतींत, पावसाळा संपून महिना उलटला तरी पश्चिमेच्या भिंती आतून ओल्या असू शकतात. शंका असेल तिथे दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर बंद करावा आणि रात्रभर, म्हणजे सुमारे १६ तास तसाच ठेवावा. सकाळी त्याच्या आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची भिंत गडद झाली, तर रंग मारण्याची वेळ अजून आलेली नाही. आधी गळती शोधावी. पांढरे क्षार फुललेले असतील, तर ते कोरड्या ब्रशने झाडून काढावेत आणि पाणी कुठून येते ते बंद करावे, कारण क्षारांवर मारलेला कोणताही रंग टिकत नाही.

वॉटर बेस रंग वाळतो म्हणजे काय होते, हे समजले की हवामानाचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. इमल्शनमध्ये प्लास्टिकसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, पाणी उडून जाताना ते एकमेकांजवळ येतात आणि शेवटी एकत्र मिसळून एक अखंड पापुद्रा तयार होतो. हे मिसळणे पूर्ण व्हायला थोडा वेळ लागतो. जून ते सप्टेंबरमध्ये हवेत इतका दमटपणा असतो, की पाणी उडायलाच तयार नसते, आणि त्या दिवसांत रंगाचा दुसरा हात (थर) घाईने मारला तर खालचा थर ओलाच दबून राहतो. याउलट एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाने तापलेल्या बाहेरच्या भिंतीवर पाणी इतक्या झपाट्याने उडते, की कणांना मिसळायला सवडच मिळत नाही. तिथे थर कमकुवत होतो आणि हात लावला तर खडबडीत लागतो. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल, तर मी बाहेरचे काम हाती घेत नाही. बाहेरच्या भिंतींसाठी सकाळची वेळ उत्तम, कारण दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा तुषार कुठे नेऊन टाकील याचा भरवसा नसतो. हिवाळ्यात रात्री दव पडते, म्हणून बाहेरचे काम उन्हे उतरण्यापूर्वी आवरावे.

झाकाझाक

घरातल्या कामाचा निम्म्याहून अधिक वेळ झाकण्यात जातो आणि तो जायलाच हवा. फरशीवर आधी जाड प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर किंवा पुठ्ठा अंथरावा, कारण नुसत्या प्लास्टिकवर रंगाचे तुषार पडून पाय घसरतो. खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खाचा, ग्रिल, दरवाजाची कडी-कुलपे, पंखे आणि एसी टेपने पूर्ण बंद करावेत. त्या खोलीचा एमसीबी खाली करून मगच स्विचबोर्ड झाकावेत आणि मशीनसाठी दुसऱ्या खोलीतून वीज घ्यावी. वायर लांब ओढण्याऐवजी रंगाचा पाइप लांब घेणे कधीही चांगले, कारण बारीक वायरच्या लांब एक्स्टेन्शनवर मशीनला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही आणि मोटर तापते. वायर लांब घ्यावीच लागली, तर ती २.५ चौरस मिलिमीटरची, तीन पिनांची आणि अर्थिंग असलेली असावी.

बाल्कनीत किंवा बाहेर मशीन चालवायचे असेल, तर आधी खाली पाहावे. कामोठ्याच्या एका इमारतीत आम्ही सातव्या मजल्याच्या बाल्कनीचे छत मारत होतो. वारा जेमतेम जाणवेल एवढाच होता, तरीही तासाभराने खालच्या बाईंनी वाळत घातलेल्या साड्या वर आणून दाखवल्या, आणि त्या साड्यांवर मोहरीहून बारीक पांढरे ठिपके होते. दोष पूर्णपणे आमचा होता. हवेत उडालेला इमल्शनचा थेंब जवळच पडला तर ओला चिकटतो आणि दूर गेला तर वाटेतच सुकून धुळीसारखा पडतो, पण सातव्या मजल्यावरून तो नेमका कसा पडेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. तेव्हापासून उघड्या बाल्कनीत आम्ही रोलरच वापरतो. सोसायटीच्या आवारात गाड्या असतील, तर त्या हलवल्याशिवाय बाहेरच्या भिंतीवर मशीन लावू नये.

रंग तयार करणे

एकाच भिंतीसाठी लागणाऱ्या सगळ्या बादल्या, त्या एकाच बॅचच्या असल्या तरी, एका मोठ्या पिंपात एकत्र करून घ्याव्यात, म्हणजे छटेतला बारीकसा फरकही भिंतीवर उमटत नाही. ढवळताना फेस होऊ देऊ नये, कारण रंगातले हवेचे बुडबुडे पंपात शिरून पट्टा थांबत-थांबत निघतो. पाणी महापालिकेचे किंवा सिडकोच्या नळाचे घ्यावे, बोअरवेलचे खारट पाणी टाळावे.

पाणी किती घालायचे, याबाबत डब्यावर मशीनसाठी जे प्रमाण दिलेले असते तेच प्रमाण मानावे. ब्रश आणि रोलरसाठी लिहिलेले ४० ते ६० टक्के पाणी मशीनला जसेच्या तसे लागू करू नये. डब्यावर मशीनचा उल्लेखच नसेल, तर मी १० टक्के पाण्याने सुरुवात करतो, पुठ्ठ्यावर पट्टा मारून पाहतो आणि गरज वाटली तरच थोडे पाणी वाढवतो. पाणी जास्त झाले की रंग सहज फुटतो खरा, पण भिंतीवर थांबत नाही, ओघळतो. शिवाय थर वाळल्यावर त्यात रंग कमी उरतो. समजा रंगात घन भाग ३५ टक्के आहे. १ लिटर रंगात ४०० मिलिलिटर पाणी घातले, तर घन भाग २५ टक्क्यांवर येतो, म्हणजे १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ओला थर वाळल्यावर ३५ ऐवजी फक्त २५ मायक्रॉन उरतो. एक हात कमी मारल्यासारखाच हा तोटा आहे.

यानंतर गाळणे. हे कंटाळवाणे वाटते म्हणून टाळले जाते, आणि नेमके तेव्हाच दर दहा मिनिटांनी टिप अडकते. डब्याच्या झाकणाला वाळून चिकटलेला पापुद्रा, पुट्टीचा खडा, ब्रशचा केस हे सगळे आपल्याला दिसत नाही, पण टिपला दिसते. बारीक नायलॉनच्या जाळीच्या पिशवीतून सगळा रंग दुसऱ्या स्वच्छ बादलीत गाळावा आणि पंपाचे शोषण, म्हणजे रंग ओढणारी नळी, त्या बादलीत ठेवावी. मशीनमध्ये शोषणाच्या तोंडाशी, पंपाजवळ आणि गनच्या मुठीत अशा तीन ठिकाणी जाळ्या असतात. इमल्शनसाठी गनमधली जाळी साधारण ६० मेशची (मेश म्हणजे एका इंचातली छिद्रे; आकडा मोठा तितकी जाळी बारीक), आणि दारांसाठीच्या वॉटर बेस इनॅमलसाठी १०० मेशची वापरावी. टिप लहान घेतली आणि जाळी जाड ठेवली, तर जाळीतून सुटलेला कण थेट टिपमध्ये अडकतो.

टिप कोणती

टिपवर तीन आकड्यांची संख्या कोरलेली असते आणि ती वाचता येणे म्हणजे अर्धे काम आले. पहिल्या आकड्याची दुप्पट म्हणजे १२ इंच अंतरावरून पडणाऱ्या पट्ट्याची रुंदी इंचांत, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे छिद्राचा आकार इंचाच्या हजाराव्या भागांत. ५१७ या टिपचा पट्टा १० इंच आणि छिद्र ०.०१७ इंच, ४१५ चा पट्टा ८ इंच आणि छिद्र ०.०१५ इंच. छिद्राचा आकडा थोडा वाढला तरी बाहेर येणारा रंग बराच वाढतो, कारण तो छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो. १५ वरून १७ वर गेले, की रंग जवळजवळ सव्वापट येतो, आणि १९ वर गेले, की दीडपटीहूनही जास्त.

भिंतींच्या इमल्शनसाठी ०.०१५ ते ०.०१९ पर्यंतची टिप चालते. दारे-चौकटींच्या वॉटर बेस इनॅमलसाठी ०.०११ ते ०.०१३, आणि बाहेरच्या जाड, लवचीक रंगांसाठी ०.०२१ किंवा त्याहून मोठी, तीही आपल्या मशीनची क्षमता तितकी असेल तरच. मशीन किती मोठी टिप पेलू शकते, हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. त्याहून मोठी टिप लावली तर दाब टिकत नाही आणि माणूस पुन्हा बटणाकडे वळतो. आपल्या वन बीएचकेच्या दहा बाय दहाच्या खोल्यांसाठी माझे स्पष्ट मत आहे, की ५१७ ऐवजी ४१५ किंवा ५१५ घ्यावी. ५१७ मधून साधारण २००० पीएसआयला मिनिटाला एक लिटरहून अधिक रंग निघतो, आणि त्या वेगाशी जुळवून घ्यायला दहा फुटांच्या भिंतीवरून हात तीन-चार सेकंदांत जायला हवा. नवख्या माणसाला ते जमत नाही, आणि लहान खोलीत वळायलाही जागा नसते.

मशीन सुरू करणे आणि दाब ठरवणे

नव्या मशीनमध्ये साठवणीचे द्रव असते आणि भाड्याच्या मशीनमध्ये आधीच्या माणसाचा रंग असू शकतो, म्हणून आधी स्वच्छ पाणी फिरवून ते पूर्ण काढावे. आधी तेलाचा रंग मारलेला असेल, तर टर्पेंटाइन, मग साबणाचे पाणी आणि मग साधे पाणी या क्रमाने धुवावे. टर्पेंटाइन फिरवताना गन धातूच्या, जमिनीशी जोडलेल्या बादलीला टेकवून ठेवावी आणि जवळपास ठिणगी किंवा ज्योत नसावी. त्यानंतर शोषण रंगात आणि परतीचा पाइप रिकाम्या बादलीत ठेवून प्राइमची चावी उघडी ठेवावी, दाब अगदी कमी ठेवून मशीन सुरू करावे आणि बुडबुडे न येता अखंड रंग यायला लागला, की चावी स्प्रेकडे फिरवावी. टिप न लावता गन बादलीत धरून चाप ओढावा आणि पाइपातले पाणी जाऊन निव्वळ रंग येईपर्यंत थांबावे. मग दाब सोडावा, लॉक लावावे आणि तेव्हाच टिप बसवावी.

आता एक मोठा पुठ्ठा भिंतीला टेकवावा. दाब कमी ठेवून एक सरळ पट्टा मारावा आणि त्याच्याकडे जवळून पाहावे. दाब अपुरा असेल, तर पट्ट्याच्या वर आणि खाली दोन जाड रेघा उमटतात आणि मधला भाग विरळ दिसतो. त्या रेघांना कामावर आम्ही शेपट्या म्हणतो. बटण किंचित पुढे फिरवून पुन्हा पट्टा मारावा, शेपट्या बारीक होतील. पुन्हा किंचित पुढे, पुन्हा पट्टा. ज्या दाबावर शेपट्या पहिल्यांदा पूर्णपणे नाहीशा होतात, तोच आपला दाब, आणि त्यापुढे बटणाला हात लावायचा नाही. शेपट्या जातच नसतील, तर रंगात थोडे पाणी घालावे किंवा एक आकडा लहान टिप लावावी, कारण दाब कमालीला नेऊनही पट्टा जुळत नसेल, तर दोष दाबाचा नाही. संध्याकाळपर्यंत टिप थोडी झिजते, रंग घट्ट होतो, उकाडा वाढतो, म्हणून जेवणानंतर पुठ्ठ्यावर पुन्हा एकदा तपासावे.

हात

गन भिंतीपासून १० ते १२ इंचांवर, म्हणजे ताणलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या वितीहून थोडे जास्त, आणि भिंतीशी काटकोनात धरावी. अंतर दुप्पट झाले, की पट्टा दुप्पट रुंद होतो, थर निम्मा होतो आणि थेंब वाटेतच सुकून भिंत खरखरीत होते. मनगट वळवून कमानीसारखा हात फिरवला, तर मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना पातळ थर बसतो. म्हणून मनगट ताठ ठेवून, खांद्यातून आणि पायांनी सरकत, गन भिंतीला समांतर न्यावी. हात आधी सुरू करावा, मग चाप ओढावा, आणि चाप सोडल्यावर हात थांबवावा. हा क्रम उलटा झाला, तर प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रंगाचा ठोकळा जमतो, आणि भिंतीवर पडलेले ओघळ बहुतेक तिथूनच सुरू झालेले असतात.

पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. टिपचा नेम आधीच्या पट्ट्याच्या खालच्या कडेवर ठेवला, की निम्मा आपोआप चढतो. आधी छत मारावे, मग कोपरे, मग भिंती. कोपऱ्यात दोन्ही भिंतींना मिळून एकच उभा पट्टा मारावा आणि त्यानंतर दोन्ही बाजूंच्या भिंती भराव्यात. छताला मारताना गन उलटी धरून खांदे भरून येतात आणि अंतर वाढत जाते, म्हणून गनला दोन फुटांची जोडनळी लावून घोडीवर सरळ उभे राहावे. भिंतीची ओली कड सुकू न देता एक भिंत एका दमात संपवावी.

प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, पहिला हात मी कधीही नुसत्या मशीनने सोडत नाही. एक माणूस मशीन चालवतो आणि दुसरा त्याच्या मागोमाग, प्रायमर ओला असतानाच, कोरडा रोलर हलक्या हाताने फिरवतो. त्यामुळे प्रायमर पुट्टीच्या छिद्रांत दाबला जातो आणि राहिलेली भुकटीही त्यात मिसळून जाते. शेवटच्या हाताबाबत मते वेगवेगळी आहेत. मशीनची सपाट, काचेसारखी भिंत ज्यांना आवडते, त्यांनी ती तशीच ठेवावी, पण पुढच्या दोन वर्षांत मुलांच्या हातांचे डाग किंवा खिळ्याची भोके ब्रशने दुरुस्त केली, की तो ठिपका वेगळा चमकतो. राहत्या घरात म्हणून मी शेवटचा हातही रोलर फिरवून बसवतो आणि उरलेला अर्धा लिटर रंग तारीख लिहून घरमालकाकडे ठेवतो, म्हणजे डागडुजी त्याच रोलरने करता येते.

थर किती पडला हे डोळ्यांवर सोडू नये. धातूचा दातेरी मोजपट्टा ओल्या रंगात उभा टेकवला, की ज्या दाताला रंग लागला आणि ज्याला लागला नाही त्या दोघांच्या मधला आकडा म्हणजे ओल्या थराची जाडी. साधा हिशोबही आहे: १ लिटर रंग १० चौरस मीटरवर, म्हणजे सुमारे १०७ चौरस फुटांवर, गेला तर ओला थर १०० मायक्रॉनचा पडतो. हवेत उडणारा रंग या हिशोबात धरलेला नाही, म्हणून घेताना थोडा जास्तच घ्यावा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा, आणि पावसाळ्यात तो दुप्पट धरावा.

बिघाड ओळखणे

अचानक धार अर्धी झाली किंवा एका बाजूला वळली, तर टिपमध्ये कण आहे. चापाचे लॉक लावून टिपच्या मुठीवरचा बाण उलट दिशेला फिरवावा, गन पुठ्ठ्याकडे किंवा बादलीकडे रोखून लॉक काढावे, क्षणभर चाप ओढून कण उडवून द्यावा आणि मग पुन्हा लॉक लावून टिप सरळ करावी. तरीही उपयोग झाला नाही, तर दाब सोडून टिप काढावी, पाण्यात धुवावी आणि मऊ ब्रशने साफ करावी. सुई किंवा खिळा छिद्रात घालू नये, त्याने छिद्र कायमचे बिघडते. पट्टा फुगत-आटत येत असेल, तर शोषणात हवा जाते आहे किंवा गनची जाळी भरली आहे. पंप खडखडतो पण रंग उचलत नाही, असे झाले, तर बहुधा शोषणाच्या तोंडाशी असलेली लोखंडी गोळी जुन्या रंगाने चिकटली आहे. दाब सोडून त्या जागी बाहेरून हलकेच ठोकले, की ती सुटते. भिंत संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, तर रंग जाड आहे किंवा गन दूर आहे, आणि बटण फिरवून ती सपाट होत नाही.

टिप किती झिजली, हे पट्ट्याच्या रुंदीवरून कळते. छिद्र मोठे होत जाते तसा पट्टा अरुंद होतो आणि रंग जास्त निघतो, म्हणून १० इंचांचा पट्टा साडेसात इंचांवर आला, की नवी टिप लावावी. नवी टिप महाग वाटते, पण झिजलेल्या टिपने वाया जाणारा रंग तिच्याहून महाग पडतो.

आवरताना

जेवायला जाताना दाब सोडून गनचे तोंड टिपसकट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे, नाहीतर इमल्शन टिपमध्येच वाळते. दिवस संपला, की पाइपातला रंग परत रंगाच्या बादलीत घ्यावा आणि मग स्वच्छ पाणी येईपर्यंत पंप, पाइप आणि गन धुवावी. तिन्ही जाळ्या काढून ब्रशने साफ कराव्यात. पहिल्या धुतलेल्या पाण्यात बराच रंग असतो. ते पावसाच्या पाण्याच्या गटारात ओतू नये, कारण ती गटारे शेवटी ठाण्याच्या खाडीला मिळतात, आणि २०१५ मध्ये रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) अभयारण्य ठरलेल्या त्या खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला आहे. ते पाणी एका पिंपात रात्रभर ठेवावे, गाळ खाली बसला की वरचे पाणी शौचालयात सोडावे आणि गाळ वाळवून कचऱ्यात द्यावा.

मास्किंग टेप रंग पुरता कडक होण्यापूर्वी, स्पर्शाला कोरडा झाल्यावर, कडेने कटर फिरवून आणि भिंतीशी ४५ अंशांत मागे ओढून काढावी. पंपात साधे पाणी ठेवून मशीन झाकू नये. आपल्या दमट हवेत आतले पोलाद दोन-चार दिवसांतच गंजू लागते आणि पुढच्या कामाच्या पहिल्याच बादलीत तो गंज पांढऱ्या रंगात उतरतो. पाणी काढून टाकून, मशीनसोबत सांगितलेले पंप-रक्षक द्रव आत फिरवावे, गन आणि जाळ्या त्याच द्रवाने ओल्या ठेवाव्यात, आणि टिप धुऊन, पुसून, तिच्यावरची संख्या वर दिसेल अशी डबीत ठेवावी.